ठाणे-नवी मुंबईच्या उन्हात गलांडा: पेरणीपासून पावसाळ्यापर्यंत

ठाण्यात गलांड्याची रोपं मरतात ती बहुतेक पाण्यानं. उन्हानं मेलेला गलांडा शोधावा लागेल. मे महिन्यात पश्चिमेच्या ग्रिलमध्ये, जिथे दुपारी तीन वाजता लोखंडाला हात लावला तर चटका बसतो, तिथे हे झाड खुशाल फुलत असतं. आणि तेच झाड जुलैत बुडाशी काळं पडतं, जरा ओढलं की मुळांशिवाय हातात येतं. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली की कधी पेरायचं, कुंडी कुठली, माती कसली, हे प्रश्न त्याच धाग्यानं सुटत जातात.

फूल तुमच्या ओळखीचं आहे. जांभळी नाक्याला फुलवाल्यांकडे झेंडूच्या शेजारी लाल-पिवळा ढीग असतो, तो गलांडा. बाजारात गलांडा म्हणतात, बियांच्या पाकिटावर आणि नर्सरीत मात्र गॅलार्डिया. दोन्ही नावं सांगा, नाहीतर दुकानदार नाही म्हणेल आणि पाकीट त्याच्याच मागच्या रॅकवर लटकत असेल.

झाड सूर्यफुलाच्या कुळातलं, मूळचं अमेरिकेतलं. तिथे ते समुद्रकाठच्या वाळूत, रस्त्याकडेच्या मुरमाड जागेत आपलं आपण उगवतं. ओक्लाहोमा राज्यानं १९८६ मध्ये याच्या एका जातीला आपलं रानफूल म्हणून मान दिला. थोडक्यात, वाळू, ऊन आणि जेमतेम खाणं हा त्याचा पिढीजात संसार आहे. आपण त्याला शेणखतानं गच्च भरलेली कुंडी आणि रोजचं तांब्याभर पाणी देतो, आणि मग ते का रुसलं म्हणून विचारतो.

आयुष्याबद्दल आधीच सांगून टाकतो. काही जाती एकाच हंगामाच्या असतात. संकरित जाती बहुवर्षायू म्हणून विकल्या जातात, पण त्यांचंही आयुष्य जिथे हवा मानवते तिथे दोन-तीन वर्षांचं. सतत फुलत राहण्यात झाड आपली सगळी ताकद खर्चून टाकतं आणि मुळाशी फारसं काही राखून ठेवत नाही. आपल्याकडे ऑक्टोबरला पेरलेलं रोप पुढच्या जूनपर्यंत फुललं तर हिशोब चुकता झाला असं समजावं. पावसाळा काढला तर तो नफा.

कुठला गलांडा घ्यायचा

तीन प्रकार समोर येतात. पहिला हाराचा, म्हणजे दुहेरी. पाकिटावर ‘लोरेंझियाना’ किंवा ‘डबल मिक्स’ असं लिहिलेलं असतं. याचं फूल जवळून बघा: नेहमीच्या चपट्या पाकळ्यांऐवजी बारीक नळ्यांचा गोळा असतो, प्रत्येक नळी तोंडाशी पसरलेली आणि कडेला दातेरी. झाड दीड-दोन फूट होतं, वारा लागला की कलतं.

दुसरा एकेरी, पाकिटावर बहुधा ‘पिक्टा’ किंवा ‘पुल्चेला’. मध्ये तपकिरी-लाल केसाळ बटण, भोवती लाल पाकळ्या, त्यांची टोकं पिवळी आणि प्रत्येक टोकाला तीन दाते. मधमाश्या आणि फुलपाखरं हवी असतील तर हाच घ्या. दुहेरी फुलाच्या गर्दीतून त्यांना मधापर्यंत पोचणं अवघड जातं.

तिसरा ‘ग्रँडिफ्लोरा’ संकर. वर म्हटलेला बहुवर्षायू तो हाच. एक बहुवर्षायू आणि एक हंगामी जात यांच्या मिलनातून हा तयार झाला आहे. ‘गॉब्लिन’, ‘ॲरिझोना सन’ ही यातली बुटकी वाणं, फूटभर उंचीची. ॲरिझोना सनला २००५ चा ऑल-अमेरिका सिलेक्शन्स पुरस्कार मिळाला होता, आणि बी पेरल्यावर पहिल्याच वर्षी ते फुलतं. बी महाग, पाकिटात मोजकेच दाणे. बाराव्या-पंधराव्या मजल्यावर राहत असाल तर पैसे टाका, बुटकं झाड घ्या. उंच वाणाच्या काड्या वाऱ्यानं मोडतात, मग त्यांना बांबूच्या काटक्या बांधत बसावं लागतं. पूजेला फुलं हवी असतील तर पहिला प्रकार. मला स्वतःला एकेरी आवडतो, पण घरी देव्हाऱ्याचं मत वेगळं असतं.

तयार रोप घेणार असाल तर डिसेंबरात नर्सऱ्यांत काळ्या पिशवीतली फुललेली रोपं मिळतात. सगळ्यात जास्त फुलं असलेलं उचलू नका. कमी फुलांचं, बुडाशी चार-पाच फुटवे असलेलं घ्या. पान उलटं करून बघा, कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं असेल तर ते रोपच काय, त्याच्या शेजारचंही घेऊ नका. आणि पिशवीतल्या मातीचा गोळा चिकट लाल असतो, तो तसाच कुंडीत बसवायचा नाही. पाण्यात थोडा वेळ भिजवून कडेनं हलक्या हातानं मोकळा करायचा, मगच लावायचा.

ऊन कुठे आहे ते आधी बघा

किमान सहा तास थेट ऊन हवं. “आमच्याकडे भरपूर उजेड असतो” हे उत्तर चालत नाही. उजेडात गलांडा वाढतो, उंच होतो, पानं काढतो, फुलत नाही.

यात एक गोम आहे, ती दक्षिणेच्या बाल्कनीची. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. ही गलांड्याची सगळ्यात उत्तम जागा. पण मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर असतो. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब डोक्यावर असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत त्या दिवसांत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. लोकांना वाटतं मेमध्ये झाड उन्हानं थकलं. खरं तर त्याच्या वाट्याचं ऊनच गेलेलं असतं. अशा वेळी कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला सरकवा, पण नीट बांधून. वरून पडलेली कुंडी हा थट्टेचा विषय नाही, आणि कित्येक सोसायट्यांत ग्रिलबाहेर कुंडी ठेवायला मनाई असते ती याच कारणानं.

पश्चिमेला दुपारनंतरचं ऊन मिळतं, चालतं. पूर्वेला सकाळचं, तेही समोर दुसरी इमारत उभी नसेल तर. घोडबंदरच्या नव्या संकुलांत हाच प्रश्न जास्त: दिशा बरोबर असते आणि समोरचा टॉवर सगळं ऊन खातो. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तासातासानं बाल्कनीचा फोटो काढा, संध्याकाळी बघितलं की ऊन किती तास होतं ते कळेल. नुसत्या उत्तरेच्या बाल्कनीत गलांडा लावू नका. तिथे दुसरं काहीतरी शोभतं.

गच्ची असेल तर प्रश्नच मिटला, फक्त सोसायटीची परवानगी आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही आधी बघा, आणि कुंड्या थेट लादीवर न ठेवता विटांवर ठेवा.

कधी पेरायचं

इथे इंटरनेटवरचे सल्ले गोत्यात आणतात. राज्यात गलांड्याची शेती तिन्ही हंगामांत होते, म्हणून बरेच व्हिडिओ ‘जून-जुलैत लागवड करा’ असं सांगतात. ते घाटावरच्या शेतकऱ्यासाठी बरोबर आहे. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, ठाण्यात २,५०० च्या घरात, आणि तो सगळा चार महिन्यांत.

आपलं वेळापत्रक वेगळं. मुख्य पेरणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. परतीचा पाऊस कधीकधी दसऱ्यापर्यंत रेंगाळतो, तेव्हा ट्रे छपराखाली ठेवता येत असेल तर सप्टेंबर, नाहीतर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा धरा. पेरणीपासून पहिलं फूल साधारण अडीच-तीन महिन्यांनी. म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीत बहर सुरू होतो आणि पाऊस येईपर्यंत टिकतो. उन्हाळ्यात ताजी, जोमदार झाडं हवी असतील तर जानेवारीत थोडं बी पुन्हा टाका.

गणपतीत घरची फुलं व्हावीत असं सगळ्यांना वाटतं. त्यासाठी मेमध्ये पेरून पूर्ण पावसाळा रोपं पारदर्शक पत्र्याखाली काढावी लागतात. पहिल्या वर्षी या फंदात पडू नका. गणपतीची फुलं बाजारातूनच आणा.

कुंडी आणि माती

एका रोपाला १० ते १२ इंचांची कुंडी. मातीची कुंडी उत्तम, कारण तिच्या भिंतीतूनही ओल उडते. प्लास्टिकची असेल तर बुडाला निदान चार-पाच भोकं पाडून घ्या, नव्या कुंड्यांना बऱ्याचदा नुसत्या खुणा असतात, भोकं नसतात. शोभेची बिनभोकाची चिनी मातीची कुंडी भेट मिळाली असेल तर तिच्यात छत्र्या ठेवा.

नर्सरीत गोणीनं मिळते ती लाल माती. कोरडी असताना भुसभुशीत वाटते, दोन महिने पाणी घातलं की विटेसारखी बसते. तिला मोकळं करणं हेच इथलं खरं काम. माझं प्रमाण असं: दोन भाग लाल माती, एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. भाताचं तूस मिळालं तर तेही दोन मुठी घाला, माती हलकी राहते. बदलापूर-मुरबाडकडे कोणी नातेवाईक असतील तर राइस मिलमधून पोतंभर सहज मिळेल.

वाळू जाडीच हवी. बांधकामावरून क्रश सँड आणली तर बादलीत दोन-तीनदा धुऊन त्यातली भुकटी काढून टाका, नाहीतर ती भुकटीच पाण्याची वाट बुजवते. विटांचा चुरा मला जास्त आवडतो: फुटक्या विटा हातोडीनं फोडायच्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे ठेवायचे, धूळ चाळून टाकायची. फुकटात होतं आणि कोणतीच सोसायटी कधी फुटक्या विटांशिवाय नसते.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नर्सरीवाला हमखास गळ्यात मारतो. फर्न, मनी प्लांट यांना ते छान. पण ते पाणी धरून ठेवतं आणि गलांड्याला नेमकं तेच नको आहे. बी उगवायच्या ट्रेपुरतं घ्या.

कुंडीच्या तळाला खडे-खापऱ्यांचा जाड थर घालायची जुनी पद्धत आहे. त्यानं निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहजी उतरत नाही, थराच्या वरच अडकून बसतं, म्हणजे ओलीचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती, बस.

कुंडी भरली की झाड लावण्याआधी परीक्षा घ्या. एकदा पूर्ण भिजवा, अर्ध्या तासानं पुन्हा मगभर पाणी वरून ओता. पाणी वर तळं करून न राहता झटकन आत गेलं पाहिजे आणि मिनिटभरात खालून धार लागली पाहिजे. पाणी वरच डुलत राहिलं तर कुंडी रिकामी करून आणखी विटांचा चुरा मिसळा. हे आता जड वाटतं, पण झाड लावल्यावर माती बदलता येत नाही.

खालून निघणाऱ्या लाल पाण्याचाही विचार करा. खालच्या मजल्यावर पांढरे शर्ट वाळत असतात. कुंडीखाली ताटली ठेवा, पण कुंडी ताटलीत थेट नको. मध्ये विटेचे दोन तुकडे ठेवून कुंडी उचला आणि साठलेलं पाणी ओतून टाका. ताटलीतल्या पाण्यात उभी असलेली कुंडी म्हणजे मुळांना कायमचा पावसाळा, वर डासांची सोय.

नवी मुंबईत सोसायटीच्या वाफ्यात लावणार असाल तर आधी जमीन बघा. बऱ्याच भागांत खाडीकाठच्या जमिनीवर मुरूम-दगडांची भर घातलेली आहे. उन्हाळ्यात वाफ्याच्या कडेला पांढरट पापुद्रा दिसला तर तो क्षार. त्यानं घाबरू नका, हे समुद्रकाठचं झाड आहे, थोडं खारं त्याला चालतं. अडचण त्या भरावाखालच्या चिकणमातीची, जिच्यातून पाणी हलत नाही. एक फूट खोल खड्डा करून पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यात पाणी दिसलं तर जमिनीत लावूच नका; विटांची कड करून आठ-दहा इंच उंच वाफा करा आणि त्यात वरचंच मिश्रण भरा. दोन रोपांत एक ते दीड फूट अंतर ठेवा. दाट लावलेली झाडं पहिले दोन महिने सुंदर दिसतात, नंतर मधोमध हवा खेळत नाही आणि पानं सडायला लागतात.

बी पेरणं

पसरट ट्रे घ्या, दह्याचे रिकामे डबे असतील तर तेही चालतात, बुडाला भोकं मात्र पाडा. अर्धं कोकोपीट, अर्धं चाळलेलं गांडूळखत. नीट ओलं करून सपाट करा. बी बोटभर अंतरावर ठेवा आणि फक्त दाबा. पुरू नका. याच्या बीला उगवायला उजेड लागतो, खोल गेलेलं बी तसंच पडून राहतं. वर चिमूटभर वाळू भुरभुरवली तर पुरे, बी हलत नाही.

पाणी झारीनं नको, स्प्रेनं. ट्रे उजेडात, पण दुपारच्या थेट उन्हात नको. साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत कोंब येतात. आले की त्याच दिवशी ट्रे सकाळच्या उन्हात न्या, नाहीतर रोपं दोऱ्यासारखी लांबुळकी होऊन आडवी पडतात. बुडाशी बारीक होऊन रोप कोसळत असेल तर ती मर आहे, कारण एकच, जादा ओल. त्यावर दवाखाना करण्यापेक्षा पाणी कमी करा आणि वारा लागू द्या.

आणि कबुतरं. ठाण्यात बाग म्हटली की कबुतरांचा हिशोब वेगळा मांडावाच लागतो. कोवळी रोपं ती उपटून टाकतात, मऊ मातीच्या कुंडीत बसून घेतात. ट्रेवर जुनी जाळी किंवा भाजीची उलटी टोपली ठेवा. मोठ्या कुंडीत मातीत चार-पाच काटक्या उभ्या खोचा, बसायला जागा नसली की ती दुसरं घर बघतात.

चार-सहा खरी पानं आली (कोंबाबरोबर येणारी पहिली दोन मोजायची नाहीत), म्हणजे पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं, की कुंडीत लावा. संध्याकाळी. रोपाचा मध्य, जिथून पानं फुटतात तो गाभा, मातीच्या पातळीच्या किंचित वरच राहिला पाहिजे. तो पुरला गेला की सड तिथूनच सुरू होते. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग दोन दिवस सावली, मग सरळ ऊन.

रोप पाच इंचांचं झालं की शेंडा खुडा. जीव होत नाही, माहीत आहे. पण न खुडलेलं रोप एक काठी आणि तिच्यावर एक फूल असं वाढतं. खुडलेल्याला बाजूनं फुटवे येतात आणि पंधरवडा उशिरा का होईना, झुडूप होतं.

पाणी आणि खत

बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. हिवाळ्यात कुंडीला दोन-तीन दिवसांआड, एप्रिल-मेमध्ये गच्चीवर रोज. सकाळी, बुडाशी, पानांवर नाही. पाणीकपातीच्या दिवशी याला विसरलात तरी चालतं, आणि थंडीत तीन-चार दिवस गावी जाऊन आलात तरी शेजारच्या काकूंना किल्ली द्यायला नको.

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत होते ती झाड मलूल दिसण्यात. दुपारी दोन वाजता पानं लोंबली आणि संध्याकाळी सावरली, तर काही झालेलं नाही; ते स्वतःला वाचवत होतं. सकाळी सात वाजता पानं लोंबलेली आणि माती ओली, तर मुळं कुजायला लागली आहेत. या दुसऱ्या वेळी हात हमखास पाण्याच्या मगाकडे जातो आणि झाडाचा निकाल लागतो. पाणी बंद करा, कुंडी उन्हावाऱ्यात न्या, वरची माती काट्यानं हलवून मोकळी करा.

खताबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लावताना घातलं ते पुष्कळ. बहर सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत. युरिया नको, नत्रानं पानं माजतात, काड्या मऊ पडून आडव्या होतात आणि फुलं रुसतात.

फुलं खुडणं

जितकी खुडाल तितकी येतील, हे गलांड्याच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे. बी धरलं की झाडाला आपलं काम झालं असं वाटतं. म्हणून पूजेसाठी रोज फुलं तोडणाऱ्या घरात गलांडा जास्त फुलतो. फक्त तोडताना नुसतं डोकं तोडू नका. मागे नागड्या दांड्या उरतात, वाळून काळ्या होतात. बोट दांडीवरून खाली न्या, जिथे पहिलं पान आणि त्याच्या बेचक्यात नवा कोंब दिसेल तिथे कात्रीनं कापा.

आता एक घोळ. पाकळ्या गळून गेल्या की मागे एक गोल, खरखरीत बोंड राहतं, आणि नवखा माणूस ते नवीन कळी समजून जपत बसतो. कळी चपटी असते, हिरव्या टोकदार पानांच्या कवेत बसलेली, दाबली तर घट्ट. बोंड गरगरीत, केसाळ, तपकिरी-लालसर, कळीपेक्षा मोठं. शंका असेल तर चिमटीत धरून बघा. आठवड्याभरात दोन्हींतला फरक डोळे मिटून कळायला लागतो. बोंडं खुडा. बियांसाठी हवी असतील ती एप्रिलनंतर राखा, आधी नाही.

पानं आणि दांड्या केसाळ असतात. या कुळातल्या झाडांच्या रसानं काहींच्या हाताला खाज येते, पुरळ उठतं. तुमची कातडी नाजूक असेल तर हातमोजे घाला, आणि लहान मुलांना पानं चुरगळू देऊ नका.

किडी

शेतात असते तेवढी कीड बाल्कनीत नसते, पण पिठ्या ढेकूण शहरात कुठेही पोचतो. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, उरलेले जुन्या टूथब्रशनं काढा. मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, त्यालाही आधी पाण्याचा फवारा. तरी राहिलंच तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल, ते मिसळावं म्हणून भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, नीट घुसळून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. आणि बहरात फुलांवर फवारू नका, मधमाश्या येतात.

थंडीत पानांवर पीठ भुरभुरवल्यासारखी भुरी येते. ती पानं काढा, गर्दी विरळ करा. झाड सहसा सावरतं.

पाऊस येताना

मुंबई-ठाण्याला मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो असं धरतात. त्याआधी, मेच्या अखेरीस, निर्णय घ्यायचा.

हंगामी जातींचा, म्हणजे हाराच्या आणि एकेरी गलांड्याचा, निरोप घ्या. झाड उपटून कंपोस्टमध्ये टाका, कुंडीतली माती पसरून चार दिवस कडक उन्हात तापवा आणि पोत्यात भरून ठेवा. पुढच्या ऑक्टोबरला त्यात थोडं खत आणि थोडा विटांचा चुरा घातला की पुन्हा तयार. मी बहुतेक हेच करतो. थकलेलं झाड जगवण्याच्या धडपडीपेक्षा नवं बी स्वस्त आणि नवं झाड जास्त फुलतं.

संकरित बुटकं वाण आवडीचं असेल तर प्रयत्न करून बघायला हरकत नाही. झाड जमिनीपासून सहा इंचांवर छाटा, पण बुडाशी हिरवे फुटवे दिसत असतील तरच. नुसत्या लाकडी काड्यांवर छाटलं तर पुन्हा फुटत नाही. कुंडी अशा जागी ठेवा जिथे पाऊस लागत नाही आणि उजेड-वारा लागतो: ग्रिलच्या आतली कड, जिन्याच्या खिडकीखाली. पावसाची झड तिरकी येते, तेव्हा वर छप्पर आहे एवढ्यावर भागत नाही. पाणी आठवड्यातून एखादं वेळा, तेही माती कोरडी लागली तर. खत अजिबात नाही. बुडाशी पडलेली, काळवंडलेली पानं दिसतील तशी काढत राहा, कारण सड तिथूनच गाभ्यात शिरते. सप्टेंबरात ऊन पडलं की नवे कोंब येतात. तेव्हा झाड बाहेर काढून जुनी माती झाडा आणि नव्या मिश्रणात लावा. बुडाशी मुळांसकट सुटे फुटवे दिसले तर ते वेगळे करून दोन कुंड्याही करता येतात.

बी धरणं

मेमध्ये राखलेली बोंडं झाडावरच वाळू द्या. बोंडाचा लाल रंग जाऊन ते करडं झालं आणि अंगठ्यानं दाबल्यावर भुगा होऊन सुटलं की तयार. कागदावर चोळा. प्रत्येक दाण्याला बुडाशी केस आणि डोक्यावर पातळ पापुद्र्यांचा तुरा असतो. तो काढायची गरज नाही, तसंच पेरलं तरी चालतं. पोकळ दाणे फुंकरीनं उडून जातात.

दोन दिवस सावलीत वाळवा, प्लास्टिकच्या नाही, कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर वाण आणि महिना लिहा. मग पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पिशव्या. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघड्यावर राहिलेलं बी सप्टेंबरपर्यंत निकामी होतं. डबा फ्रिजच्या दारात ठेवला तर उत्तम, घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर ओवा समजून फोडणीत जाईल.

घरचं बी आईच्याच रंगाचं फूल देईल याची खात्री नाही. मधमाश्या शेजारच्या कुंडीतूनही परागकण आणतात, त्यामुळे दुहेरीच्या पोटी एकेरी निघतो, लालाच्या पोटी पिवळा. संकरित वाणाचं तर विचारूच नका. हारासाठी एकसारखीच फुलं हवी असतील तर बी दरवर्षी विकत घ्या.

सप्टेंबरात पेरण्याआधी दहा दाणे ओल्या टिश्यू पेपरवर ठेवून, झाकण घातलेल्या पारदर्शक डबीत खिडकीशी ठेवा. दोन आठवड्यांत सात-आठ उगवले तर बी चांगलं आहे, चार-पाच उगवले तर ट्रेमध्ये दुप्पट टाका, त्याहून कमी उगवले तर नवं पाकीट आणा.